मोकळ्या मातीचं मोल

रस्ता हवा की झाड, घर हवं की बाग, असा प्रश्न आपल्याकडे वारंवार विचारला जातो. विचारण्याची रीतच अशी, की ऐकणाऱ्यानं एक बाजू धरावी आणि दुसऱ्याशी भांडावं. झाडाची बाजू घेणारा विकासाचा वैरी ठरतो, घराची बाजू घेणारा बिल्डरचा वकील. शहरात राहणाऱ्या प्रत्येकाला मात्र दोन्ही लागतं. पोटापाण्यासाठी गावाकडून आलेल्या माणसाला डोक्यावर छप्पर हवं असतं आणि त्याच्या पोरांना खेळायला जागाही हवी असते. त्याला नळाला पाणी हवं, आणि मे महिन्यात रात्री डोळा लागेल इतका गारवाही हवा. या गरजा एकमेकींच्या आड येतात, असं आपण धरून चालतो. त्या खरोखर आड येतात का, आणि तोल नेमका कुठे जातो, हे एका शहराच्या उदाहरणावरून समजून घेऊ.

हे शहर म्हणजे औरंगाबाद, 2023 पासूनचं छत्रपती संभाजीनगर. निजामशाहीचा वजीर मलिक अंबर यानं 1610 मध्ये खडकी या गावी हे शहर वसवलं. गावाच्या नावातच खडक होता. पाऊस बेताचा, बारमाही वाहणारी मोठी नदी जवळ नाही. अशा ठिकाणी राजधानी वसवायची तर पाण्याचा विचार आधी करावा लागणार. मलिक अंबरनं तो केला. शहराच्या उत्तरेला डोंगर आहेत. त्या डोंगरांच्या उतारावर मुरलेलं पाणी जमिनीखालीच अडवायचं आणि भाजलेल्या मातीच्या नळांतून, दगडी बांधकामातून, निव्वळ उताराच्या जोरावर शहरात आणायचं, अशी ही योजना. तिला 'नहर-ए-अंबरी' म्हणतात. वाटेत जागोजागी हवा बाहेर पडायला उच्छ्वास ठेवलेले. पुढच्या काळात अशा आणखी नहरी झाल्या. ना मोटर, ना वीज. पाणी हौदांत यायचं आणि हौदांतून माणसांकडे जायचं.

यांतल्याच एका नहरीच्या पाण्यावर पाणचक्की चालत असे. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याजवळची ही जागा पाहायला आजही पर्यटक येतात, चक्कीचा फोटो काढतात आणि निघून जातात. तिथली दुसरी एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. समोर पाण्यानं भरलेला लांबट हौद आहे, आणि या हौदाचा तळ म्हणजेच खालच्या प्रशस्त दालनाचं छत. वर पाणी, खाली माणसं. उन्हाळ्यात त्या दालनात गारवा राहत असे. एकाच पाण्यानं दळण दळलं, तहान भागवली, घर गार ठेवलं आणि शेवटी ते नदीला मिळालं. ज्याला आज आपण शाश्वत बांधकाम म्हणतो, त्याचं यापेक्षा सोपं उदाहरण देता येणार नाही.

या सगळ्या व्यवस्थेचा पाया मात्र नळ किंवा हौद हा नव्हता. पाया होता डोंगरउतारावरची उघडी माती. तिथे पाऊस मुरत होता, म्हणून नहरीला पाणी होतं. वरची जमीन झाकली गेली, तिथे रस्ते झाले, प्लॉट पडले, तर खालचा नळ कितीही शाबूत असला तरी त्यात काय येणार?

आज या शहराचं पाणी उलट्या दिशेनं येतं. ते दक्षिणेकडून, पैठणच्या जायकवाडी धरणातून येतं. अंतर पन्नास किलोमीटरच्या आसपास. नाथसागराची पूर्ण संचय पातळी समुद्रसपाटीपासून सुमारे 464 मीटर आहे आणि शहर त्याहून शंभर मीटरहून अधिक उंच. म्हणजे जे पाणी एकेकाळी उतारानं आपणहून येत होतं, त्याच्या जागी आपण विजेच्या पंपांनी चढावर ढकललेलं पाणी पितो. 2011 च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या पावणेबारा लाखांच्या घरात होती. एवढ्या लोकसंख्येला जुनी नहर पुरी पडली नसती, हे उघड आहे. धरणाशिवाय पर्याय नव्हता. पण धरण मिळाल्यावर आपण पायाखालच्या पाण्याचा विचारच सोडून दिला, हे मात्र टाळता आलं असतं. गेल्या दोन दशकांत शहराच्या मोठ्या भागानं आठवड्यातून एकदा, कधी त्याहूनही उशिरा नळाला पाणी येण्याचे दिवस काढले. नव्या पाणीपुरवठा योजनेचा खर्च अडीच हजार कोटी रुपयांच्या पुढे गेला. डोक्यावर पडणारा पाऊस गटारात आणि धरणाचं पाणी टँकरमधून विकत, असा हा व्यवहार.

इथे आपल्या जमिनीचा स्वभाव लक्षात घ्यायला हवा. मराठवाडाच काय, महाराष्ट्राचा बहुतेक भाग काळ्या पाषाणावर, म्हणजे बेसाल्टवर उभा आहे. हा खडक वाळूसारखा पाणी पिऊन घेत नाही. पाणी साठतं ते वरच्या मुरमाच्या थरात आणि खालच्या भेगांत. साठवणूक मुळातच मर्यादित. त्यामुळे मुरमापर्यंत पाणी जाण्याची वाट बंद झाली की विहीर आटते, आणि बोअर कितीही खोल नेलं तरी कोरडी धूळ वर येते. घराभोवतीची फरशी, पार्किंगचे पेव्हर ब्लॉक, रस्त्याच्या कडेपर्यंत ओतलेलं सिमेंट ही सगळी त्या वाटेवर लावलेली कुलुपं आहेत. पाऊस तेवढाच पडतो. पूर्वी तो मुरायला वेळ घ्यायचा, आता तासाभरात नाल्यात उतरतो. म्हणून एकाच शहरात जुलैमध्ये घरात पाणी शिरतं आणि मार्चमध्ये प्यायला पाणी नसतं. पूर आणि टंचाई ही एकाच आजाराची दोन लक्षणं आहेत.

एक साधा हिशेब करू. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला तर एक लिटर पाणी जमतं. शहराचा वर्षाचा पाऊस साधारण 700 मिलिमीटर धरला, आणि घराची गच्ची 100 चौरस मीटरची, म्हणजे अकराशे चौरस फुटांच्या आतबाहेरची धरली, तर त्या गच्चीवर वर्षाला 70 हजार लिटर पाणी पडतं. पाचवा हिस्सा वाया गेला असं समजा, तरी 56 हजार लिटर उरतं. शहरी माणसाला दिवसाला 135 लिटर पाणी मिळावं, असं सरकारी प्रमाण आहे. पाच माणसांच्या घराला म्हणजे 675 लिटर. त्या मापानं हे पाणी जवळजवळ 83 दिवस पुरेल. एवढी टाकी कोण बांधणार, असं कुणी म्हणेल. बांधायची गरज नाही. पहिल्या पावसाचं घाण पाणी सोडून द्यायचं, पुढचं खडी-वाळूच्या गाळणीतून शोषखड्ड्यात किंवा बोअरजवळ मुरवायचं. खालचा मुरूम हीच आपली टाकी. वाहत्या नदीकाठी वुजू करतानाही पाणी वाया घालवू नये, ही शिकवण आमच्या घरांत लहानपणापासून कानावर पडते. मशिदीचा हौद असो की देवळाची बारव, पाण्याचा हिशेब ठेवणं हे आपल्या सगळ्यांच्याच जुन्या वळणात होतं.

माती पाणी मुरवते, तसं झाड हवा गार ठेवतं. कसं, ते माठाच्या उदाहरणानं चटकन कळेल. माठातलं पाणी झिरपून त्याची वाफ होते आणि त्या वाफेबरोबर उष्णता निघून जाते, म्हणून माठ गार. झाड हेच पानांवाटे करतं. मुळांनी ओढलेलं पाणी पानांतून हवेत सोडतं आणि भोवतालची उष्णता कमी करतं. वर सावली आहेच. काँक्रीटचं याच्या उलट. दिवसभर ते ऊन साठवतं आणि रात्री परत करतं. दिवेलागणीनंतरही भिंतीला हात लावला तर चटका जाणवतो, तो दुपारचाच असतो. मग आपण एसी लावतो. एसी घरातली उष्णता काढून बाहेर गल्लीत टाकतो, आणि शेजारचा पत्र्याच्या खोलीत राहणारा माणूस, ज्याला एसी परवडत नाही, ती उष्णता सोसतो. हिरवी जागा कमी झाल्याची झळ सगळ्यांना सारखी बसत नाही, ती अशी.

पण हिरवं दिसतं ते सगळं सारखं नसतं. इमारतीपुढे अंथरलेली परदेशी गवताची हिरवळ उन्हाळ्यात रोज पाणी मागते. तहानलेल्या शहरात ती चैन आहे. कडुलिंब, चिंच, करंज, वड ही आपल्या मातीतली झाडं एकदा रुजली की फारसं काही मागत नाहीत. त्यांना लागते ती बुंध्याभोवती मोकळी माती. आपण नेमकी तीच झाकतो. बुंध्याला चिकटून काँक्रीट ओतलं की झाड लगेच मरत नाही. काही वर्षांत खंगतं, एखाद्या वादळात उन्मळून पडतं आणि आपण म्हणतो, झाड धोकादायक होतं. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानं 2013 मध्ये दिल्लीतल्या झाडांभोवतीचं एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायला सांगितलं होतं. आपल्याकडे 1975 पासून शहरी झाडांसाठी कायदा आहे. 2021 च्या दुरुस्तीनं 50 वर्षं किंवा त्याहून अधिक वयाच्या झाडाला वारसा वृक्षाचा दर्जा दिला, आणि तोडाव्या लागणाऱ्या झाडाचं जेवढं वय, तेवढी नवी झाडं लावावीत असा नियम केला. नियम चांगला. मात्र साठ रोपांची मिळून सावली साठ वर्षांच्या एका कडुलिंबाइतकी व्हायला एक पिढी जावी लागते. त्यामुळे नकाशा काढतानाच झाड वाचवणं हेच स्वस्त.

आता प्रश्न येतो मोकळ्या जागांचा. माणशी 10 ते 12 चौरस मीटर मोकळी जागा असावी, असं केंद्र सरकारची 2014 ची नगरनियोजनाची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. कागदावर बागा, मैदानं असतातही. शहराच्या विकास आराखड्यात एखाद्या भूखंडावर 'बाग' असा शिक्का पडतो, त्याला आपण आरक्षण म्हणतो. पण जमीन कुणाची तरी खासगी असते. 1966 च्या नगररचना कायद्याच्या कलम 127 प्रमाणे दहा वर्षांत ती ताब्यात घेतली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो, आणि त्यानंतरही ठरलेल्या मुदतीत पावलं उचलली नाहीत तर आरक्षण रद्द होतं. मालकाचंही चूक म्हणता येत नाही. पैसा मिळत नाही आणि जमीन वापरताही येत नाही, असं किती वर्षं चालणार? यावर उपाय म्हणून हस्तांतरणीय विकास हक्क, म्हणजे टीडीआर आला. मालकानं जमीन द्यायची, मोबदल्यात दुसरीकडे जादा बांधकामाचा हक्क घ्यायचा. पालिकेकडे पैसा नसतानाही बाग हाती येण्याचा हा मार्ग आहे. तो वेळेत वापरला नाही की बाग फायलीतच मरते. तिच्यावर कुऱ्हाड चालल्याचा आवाजही कुणाला येत नाही.

दुसरी पळवाट पोडियमची. मोठ्या संकुलात खाली दोन-तीन मजले पार्किंग, त्याच्या छतावर माती पसरून बाग. मुलांना खेळायला ती बरी. पण तिच्यातून पाणी जमिनीत जात नाही, मोठं झाड तिथे रुजत नाही. मुंबईतल्या एका प्रकरणात डिसेंबर 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं, की मनोरंजनासाठी सोडायची किमान मोकळी जागा जमिनीवरच आणि आकाशाला खुली असली पाहिजे, पोडियमवर दाखवून चालणार नाही. उंच इमारतींना माझा विरोध नाही. उलट उंच बांधलं तर खाली जमीन मोकळी राहावी, हाच त्यातला फायदा. खाली सगळं झाकून वरही उंच बांधायचं, हा मात्र दोन्हीकडून तोटा.

तिसरी गोष्ट गुंठेवारीची, आणि ती या शहराला फार जवळची आहे. शेतजमिनीचे गुंठ्या-गुंठ्यांनी तुकडे पाडून, कुठलीही परवानगी न घेता विकले गेले. एक गुंठा म्हणजे 1089 चौरस फूट. तिथे रस्ता नावाला, बागेचा तर विचारही नाही. घेणारे कोण होते? कारखान्यातले कामगार, रिक्षावाले, शिक्षक, छोटे दुकानदार. नियमाचा प्लॉट त्यांच्या खिशाला परवडत नव्हता. 2001 च्या कायद्यानं आणि 2021 च्या दुरुस्तीनं, 31 डिसेंबर 2020 पर्यंतच्या अशा बांधकामांना नियमित होण्याची वाट मिळाली. घराला कागद मिळाला, हे योग्यच झालं. पण जी बाग मुळात सोडलीच नव्हती, ती कोणत्या कागदानं मिळणार? राज्याच्या बहुतेक भागाला डिसेंबर 2020 पासून लागू असलेल्या एकत्रीकृत नियमावलीत 4000 चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या जागेवर दहा टक्के मोकळी जागा सोडावी लागते, आणि 500 चौरस मीटरपासून पुढच्या भूखंडांवर पावसाचं पाणी जिरवण्याची सोय बंधनकारक आहे. गुंठाभर जागेत राहणारं घर या दोन्ही नियमांच्या बाहेर राहतं. म्हणजे जिथे सर्वांत जास्त माणसं दाटीनं राहतात, तिथेच नियमांचा हात पोचत नाही. ज्याचं घर एका खोलीचं, त्याच्यासाठी जवळचं मैदान ही दुसरी खोली असते. परवडणारे प्लॉट नियोजनातूनच उपलब्ध करून देणं, हे म्हणूनच झाडं लावण्याइतकंच हरित काम आहे. गरिबाचं घर पाडून बाग करणं हा तोल नव्हे.

उरला प्रश्न घर कसं बांधायचं याचा. मराठवाड्यात माळवदाची घरं होती. लाकडी तुळयांवर पांढऱ्या मातीचा जाड थर, रुंद भिंती, आत चौक. उन्हाळ्यात आत शिरलं की जीव गार व्हायचा. ती घरं गळायची, दरवर्षी माती टाकावी लागायची, भूकंपात धोक्याची ठरायची. तेव्हा सगळ्यांनी पुन्हा माळवदाकडे जावं, असं म्हणणं म्हणजे निव्वळ आठवणीत रमणं. पण त्यातलं शहाणपण घेता येतं. पश्चिमेची भिंत दुपारनंतर तापते, तिकडे मोठी खिडकी नको. खिडकीवर पुरेसा छज्जा हवा. वारा शिरायला एक वाट आणि निघायला दुसरी हवी. गच्चीला पांढरा चुना दिला तरी वरच्या मजल्यावर फरक जाणवतो. यातल्या कशालाही फारसा पैसा लागत नाही, लागतो तो बांधण्याआधी केलेला विचार. याउलट आपल्या उन्हात चारही बाजूंनी काच लावलेली इमारत म्हणजे बंद मोटार उन्हात उभी करण्यासारखं आहे. मग तिच्या दारावर 'ग्रीन' असं प्रमाणपत्र लावलेलं असलं तरी विजेचं बिल खरं काय ते सांगतं.

सामानाचंही तसंच. जगभरातल्या कार्बन डायऑक्साइडच्या उत्सर्जनात सिमेंट उद्योगाचा वाटा सात-आठ टक्क्यांच्या घरात आहे. सिमेंट टाळता येणार नाही, पण उधळपट्टी टाळता येते. परळीसारख्या औष्णिक वीज केंद्राची राख सिमेंटमध्ये आणि विटांमध्ये वापरता येते. त्यानं राखेचे ढीग कमी होतात आणि विटांसाठी शेताची सुपीक माती खरवडावी लागत नाही. केरळात आयुष्य घालवलेले वास्तुविशारद लॉरी बेकर यांनी विटा उभ्या लावून, मध्ये पोकळी ठेवून भिंत बांधण्याची पद्धत रूढ केली. तिच्यात सुमारे चौथा हिस्सा विटा वाचतात, आणि मधल्या पोकळीमुळे ऊन आत यायला वेळ लागतो. त्यांनी ही पद्धत साध्या माणसांच्या घरांत वापरून दाखवली, हे महत्त्वाचं.

या शहरात अजून वाचवण्यासारखं बरंच आहे. दिल्ली दरवाजाजवळ हिमायत बागेचा मोठा हिरवा पट्टा आहे, समोर पक्षीतज्ज्ञ सलीम अली यांच्या नावाचा तलाव आहे. वर्षानुवर्षं गटार म्हणूनच वापरल्या गेलेल्या खाम नदीचा काठ साफ करण्याचं काम 2021 च्या सुमारास महापालिका, छावणी परिषद आणि स्वयंसेवी संस्थांनी मिळून हाती घेतलं, आणि लोक नदीकडे पुन्हा तोंड करून उभे राहू लागले. अशा जागा वाचल्या तर त्यांच्याभोवती घरं बांधायला कुणाची हरकत नसावी.

आपण प्रत्येकानं काय करावं? शहराचा विकास आराखडा प्रसिद्ध होतो, तेव्हा हरकती आणि सूचनांसाठी मुदत असते. आपल्या वॉर्डाचा नकाशा जाऊन पाहावा. बागेचं आरक्षण कुठे आहे, किती वर्षांपासून आहे, जमीन ताब्यात आली का, हे लेखी विचारावं. सोसायटीच्या सभेत पार्किंगच्या फरशीचा विषय निघेल, तेव्हा झाडांभोवती आणि कुंपणाकडेला माती उघडी ठेवण्याचा ठराव मांडावा. आणि पुढच्या पावसाळ्यात पहिला मोठा पाऊस येईल तेव्हा छत्री घेऊन दहा मिनिटं आपल्याच घराभोवती फिरावं. गच्चीवरचं पाणी कुठून उतरतं, कुठे जातं आणि त्यातलं किती आपल्या जमिनीत राहतं, एवढंच पाहावं. पुढचं काम कुठून सुरू करायचं, ते त्या दहा मिनिटांत कळेल.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)